दाढ ठणकायला लागल्यापासून कॅप बसेपर्यंत : खुर्चीत बसल्यावर विचारले जाणारे प्रश्न

‘कुठली दाढ दुखतेय?’ असं विचारलं की काही पेशंट सगळा तळहात गालावरून फिरवतात. वरची की खालची, तेही सांगता येत नाही; कळ कानात जाते, कपाळात जाते. काही जण मात्र न बोलता एकच बोट एकाच दाढेवर ठेवतात. पेशंटने आ करायच्या आधीच मला यातून बरंच कळलेलं असतं. दाताच्या आतली नस दुखावते तेव्हा मेंदूला जागा नीट कळत नाही, म्हणून हात गालभर फिरतो. दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्याला मात्र दाब नेमका कुठे पडला ते बरोबर समजतं. दुखणं नसेतून मुळाच्या टोकापर्यंत उतरलं की बोट आपसूक योग्य दाढेवर जातं.

म्हणून ‘किती दुखतंय’ यापेक्षा ‘कसं दुखतंय’ हे मला जास्त उपयोगी पडतं. दातांच्या बाबतीत दुखण्याचा जोर आणि आजाराची पायरी यांचा मेळ बसतोच असं नाही. ठणकून ठणकून एक दिवस दाढ गप्प होते, माणूस सुटकेचा श्वास टाकतो, आणि आत नस मेलेली असते.

पहिली पायरी : दुखण्याची जात ओळखा

‘कीड लागली’ असं आपण म्हणतो खरं, पण आत कुठलाही किडा नसतो. दातांवर चिकटून बसलेले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला सामू (आम्लता मोजण्याचा आकडा, म्हणजे pH; आम्ल वाढलं की तो उतरतो) साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या वरच्या आवरणातले क्षार विरघळू लागतात. लाळ ते पुन्हा भरून काढते, पण तिला त्यासाठी वेळ लागतो. म्हणूनच एकदम किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणानंतर एकदाच गोड खाणाऱ्यापेक्षा दिवसभर घोट घोट गोड पेय पिणाऱ्याचे दात लवकर किडतात.

वरच्या आवरणात जिवंत पेशी नसतात, संवेदनाही नसते. तिथवर कीड असेल तर काहीच दुखत नाही. तेव्हाच भरून घेतलं तर काम छोटं असतं, पण त्या पायरीवर कुणी येत नाही.

कीड आतल्या थरात गेली की थंड किंवा गोड लागताच झिणझिणी येते आणि काही सेकंदांत जाते. ही नस चिडलेली आहे, पण सावरू शकते. बहुतेक वेळा सिमेंट भरून काम भागतं. मात्र अशीच झिणझिणी हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडल्यामुळेही येते, तेव्हा भरायला कीडच नसते.

थंड पाणी पिऊन झाल्यावरही कळ मिनिटभर रेंगाळते, गरम सोसत नाही, काही न खाता आपोआप ठणका सुरू होतो, आडवं पडलं की वाढतो, तर नस आता सावरायची नाही. रात्री दुखणं वाढण्यामागे साधं कारण आहे : आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि सुजलेल्या नसेला दाताच्या कडक भिंतीत फुगायला जागा नसते. काही पेशंट थंड पाण्याची बाटली हातात घेऊनच येतात. दर दोन मिनिटांनी घोट घेऊन तोंडात धरून बसतात, कारण तेवढ्यानेच बरं वाटतं. अशा माणसाला मी ‘सिमेंट भरून बघू’ असं म्हणत नाही.

चावताना दात उंच झाल्यासारखा वाटतो, टेकवला तरी दुखतो, हिरडीवर पुळी येऊन फुटते : मुळाच्या टोकाशी संसर्ग गेला आहे. चावताना नव्हे तर चावा सोडताना चमक आली, तर दाढेला तडा गेल्याचा संशय घ्यायचा. तडा एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून ही बारीक गोष्ट सांगायला विसरू नका.

रात्री दोन वाजता काय करायचं?

उशा वाढवून डोकं उंच ठेवा. कोमट पाण्यात मीठ टाकून चूळ भरा. दातात अडकलेला कण फ्लॉसने, म्हणजे दातांच्या फटीत घालायच्या बारीक दोऱ्याने काढा, कधीकधी सगळं दुखणं तेवढ्यानेच थांबतं. पूर्वी घेऊन सोसलेली असेल तर आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी घ्या. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन नको, आणि दम्याच्या काही रुग्णांना त्याने दमा उसळतो. पॅरासिटामॉल प्रौढ माणसाला चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. सर्दीच्या गोळीतही ते असतं, तेही मोजा.

ॲस्पिरिनची गोळी कुटून दाढेपाशी ठेवू नका. हिरडी पांढरी पडून भाजते आणि दाढ दुखायची ती दुखतेच. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्याने थोडा वेळ बधिरता येते हे खरं. कापसावर एक थेंब, तोही किडलेल्या खड्ड्यात, हिरडीवर नाही. सूज असेल तर बाहेरून शेक देऊ नका.

घरात उरलेली अँटिबायोटिक्स काढून खाऊ नका, हे मी रोज सांगतो आणि रोज कुणीतरी खाऊन येतं. नस सुजून दुखत असेल तर अँटिबायोटिकने ते दुखणं जात नाही. पू झालेला असला तरी मूळ कारण दाताच्या आत असतं आणि मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नाही, मग औषध तिथे पोचणार कसं? ताप, पसरणारी सूज अशी लक्षणं असतील तेव्हा अँटिबायोटिक लागतं, तेही दाताच्या उपचाराच्या जोडीला.

सकाळपर्यंत थांबायचं नाही अशी वेळ कोणती? सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकतेय, जिभेखालचा भाग टणक होऊन जीभ वर उचलली जातेय, गिळता येत नाही, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, श्वासाला त्रास होतोय किंवा सुजेबरोबर ताप आणि थंडी आहे. अशा वेळी दातांचा दवाखाना शोधत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. खालच्या दाढेचा पू गळ्यात उतरून श्वासनलिका दाबू शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा तासांत घडतं.

दुसरी पायरी : जाताना काय सांगायचं

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचा फोटो काढून न्या. ‘बीपीची एक आणि एक छोटी पांढरी’ यावरून कुणाला काही कळत नाही. चार गोष्टी तर विचारल्या नाहीत तरी सांगा : रक्त पातळ करणारं औषध, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, मधुमेह आणि हृदयाची बसवलेली झडप. यातली दुसरी लोक हमखास विसरतात, कारण गुडघ्या-कमरेच्या औषधाचा दाताशी काय संबंध, असं वाटतं. संबंध आहे. त्यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते. आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. एक-दोन दात काढायला बहुतेकांना ती बंद करावी लागत नाही. रक्त जागच्या जागी थांबवता येतं, पण गोळी थांबवल्यामुळे मेंदूत किंवा हृदयात गुठळी झाली तर ती निस्तरता येत नाही.

गरोदर असाल तर तेही सांगा. दातांचे उपचार गरोदरपणात करता येतात. दुसरी तिमाही सगळ्यात सोयीची, पण संसर्ग असेल तर बाळंतपणापर्यंत ओढत बसू नये.

एक्स-रे काढायचा म्हटलं की कपाळावर आठ्या येतात. दोन दातांमधली कीड आणि मुळाच्या टोकाचं हाड नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तो लागतो. एका छोट्या डिजिटल एक्स-रेतून मिळणारं रेडिएशन साधारण तेवढंच, जेवढं जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून आपल्याला एका दिवसात तसंही मिळत असतं.

‘भूल लागली नाही तर?’

हा प्रश्न हळू आवाजात येतो, बहुधा मागच्या वेळच्या अनुभवातून. सुजलेल्या जागी ऊती आम्लधर्मी झालेल्या असतात, तिथे भुलीचं औषध नसेत नीट शिरत नाही. म्हणजे ‘मला भूल चढतच नाही’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा दोष एवढाच, की ते सूज आल्यावर आले. दुसरी जागा निवडून किंवा जादा इंजेक्शन देऊन मार्ग निघतो. टोचल्यावर मिनिटभर छातीत धडधडलं तर घाबरू नका. औषधात थोडं ॲड्रेनॅलिन असतं, त्याचा तो परिणाम. ओठ दोन ते चार तास जड राहतो, तोवर काही खाऊ नका. लहान मुलं बधिर ओठ गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी सुजलेला ओठ घेऊन परत येतात.

काम सुरू होण्याआधी डॉक्टरांशी एक खूण ठरवून घ्या : डावा हात वर केला की थांबायचं. तोंडात मशीन असताना बोलता येत नाही, आणि थांबवता येतं एवढं माहीत असलं तरी निम्मी भीती जाते.

भरायचं, रूट कॅनाल की काढून टाकायचं?

हा निर्णय तुमचा आहे, डॉक्टरने फक्त पर्याय मांडायचे. तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा. एक्स-रेवर मला दाखवाल का? काहीच केलं नाही तर काय होईल? दुसरा पर्याय कोणता? आणि कॅप (दातावर बसवायचं कडक टोपण) धरून एकूण खर्च किती, खेपा किती? शेवटचा प्रश्न आधी न विचारल्यामुळे होणारे गैरसमज मी खूप पाहिलेत. रूट कॅनालचा आकडा आणि कॅपचा आकडा अनेकदा वेगवेगळा सांगितला जातो.

रूट कॅनालचं नाव उगाच बदनाम आहे. त्यात काय होतं ते पायरीपायरीने पाहू. भूल दिल्यावर दातावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, त्यातून फक्त तो एक दात वर येतो. हा पडदा महत्त्वाचा, कारण आत धुण्यासाठी वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे कपड्यांच्या ब्लीचचाच भाऊबंद, आणि वापरतात त्या सुया बारीक असतात. दोन्ही घशात जाता कामा नयेत. मग वरून छोटं भोक पाडून नसेच्या नळ्या शोधतात. पुढच्या दाताला बहुधा एक, दाढेला तीन किंवा चार. चौथी नळी लपलेली असते आणि तीच राहून गेली की काही महिन्यांनी दाढ पुन्हा डोकं वर काढते. नळीची लांबी एका छोट्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने आणि एक्स-रेने मोजतात, आत घासून, धुऊन, वाळवून गटापर्चा नावाचा पदार्थ भरतात. हा एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींना पाणी लागू नये म्हणून हाच गुंडाळत. दातातही त्याचं काम तेच : ओल आत शिरू द्यायची नाही.

‘नस काढली तरी दुखतंय कसं?’ नस गेली, पण मुळाभोवतीचा पडदा जागेवर आहे आणि तो काही दिवस हळवा राहतो. चावताना तीन-चार दिवस दुखणं ठीक. रोज कमी होण्याऐवजी वाढत असेल, किंवा दात उंच लागत असेल, तर फोन करा. उंच लागणारं सिमेंट घासायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यासाठी आठवडाभर कळ सोसलेले लोक मला भेटलेत.

कॅप मात्र टाळू नका. कीड आणि उपचार मिळून दाढेचा मधला भाग पोकळ झालेला असतो, उभ्या भिंती चावताना फुटतात. दुखणं थांबलं म्हणून सहा महिन्यांनी आलेल्या माणसाची दाढ मुळापर्यंत उभी चिरलेली दिसते, आणि मग चांगला झालेला रूट कॅनालही वाया जातो. पुढच्या दाताला थोडीच कीड असेल तर कॅपशिवाय चालतं. आणि कॅपला कीड लागत नसली, तरी तिच्या कडेखालच्या दाताला लागते.

दाढ काढल्यावरचे तीन दिवस

वरची दाढ काढली की नजर कमी होते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. वरच्या दातांची नस आणि कपाळ-डोळ्याकडची नस या एकाच मोठ्या मज्जातंतूच्या वेगळ्या शाखा आहेत, आणि दिसण्याचं काम तर तिसऱ्याच नसेचं. दृष्टी जात नाही.

काढल्यानंतर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघू नका, प्रत्येक वेळी गुठळी सुटते. सारा खेळ त्या गुठळीचा आहे. ती खड्ड्यात नवं हाड तयार होईपर्यंतचं झाकण आहे. म्हणून पहिले चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही, धूम्रपान नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याची हलकी चूळ. लाळेत गुलाबी छटा दिवसभर राहू शकते, पण तोंड ताज्या रक्ताने भरत असेल तर नवा बोळा चावून डॉक्टरांना कळवा.

तिसऱ्या दिवसाच्या सुमारास बरं होता होता अचानक कानापर्यंत जाणारी कळ आणि तोंडाला घाण वास सुरू झाला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. जखम धुऊन औषधी पट्टी ठेवली की बरं वाटतं. नुसत्या गोळ्यांवर काढू नका.

अक्कलदाढ काढलीच पाहिजे असं नाही. सरळ आलेली, ब्रश पोचणारी दाढ राहू द्या. वारंवार हिरडी सुजणं, पुढच्या दाढेला कीड लागणं, आडवी अडकून त्रास देणं, ही काढायची कारणं. खालची असेल तर ओठाला संवेदना देणारी नस तिच्या मुळापासून किती लांब आहे, हे एक्स-रेवर दाखवायला सांगा.

रिकामी जागा तशीच ठेवली तर शेजारचे दात कलतात आणि समोरचा लांबतो. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का नकली दात, लवकर होतो, पण त्यासाठी शेजारचे दोन दात घासावे लागतात. इम्प्लांट शेजाऱ्यांना हात लावत नाही, पण टायटॅनियमचा स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. काढता-घालता येणारी कवळी सगळ्यात साधी. तंबाखू आणि ताब्यात नसलेला मधुमेह हे इम्प्लांटचे शत्रू, हे आधीच ऐकून घ्या.

‘दात साफ केल्याने दात हलतात का?’

माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. दातांवर साचलेलं कीटण हिरडीखाली घुसून हाड खातं. दात त्यामुळे आधीच सैल झालेला असतो, आणि दगडासारखं कीटण त्याला शेजाऱ्याशी बांधून ठेवतं. साफ केल्यावर आधार जातो, आणि नाव सफाईचं होतं. दातांत फट पडली असं वाटतं तिथे पूर्वी कीटण होतं, दात नव्हता. काही दिवस दात थंडाने शिवशिवतात, मग थांबतात.

ब्रश करताना रक्त येतं म्हणून ती जागा सोडून देणं ही उलटी गंगा. रक्त येतं कारण तिथे घाण साचून हिरडी सुजली आहे. तिथेच, पण मऊ ब्रशने आणि हलक्या हाताने घासा. केस हिरडीच्या कडेला तिरपे टेकवून लहान लहान हालचाली, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचं ब्रशिंग चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते. पेस्टमध्ये फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम आहे का ते पाहा, आणि शेवटी थुंका, पण पाण्याने चूळ भरून फ्लोराइड धुऊन टाकू नका. दोन दातांमधल्या जागेत ब्रश पोचत नाही. तिथे दिवसातून एकदा फ्लॉस, फट मोठी असेल तर बारीक इंटरडेंटल ब्रश. आंबट पेय घेतल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच घासू नका. साध्या पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबा. दोन आठवडे नीट करूनही रक्त थांबलं नाही तर दाखवा. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर दुखत नसला तरी दाखवा. विशेषतः तंबाखू असेल तर.

मुलांचं : दुधाचे दात पडणारच ना?

पडणार, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात, आणि त्यांना तितक्याच जोरात दुखतं. त्या लवकर काढल्या तर खालून येणाऱ्या दाताची जागा जाते. पहिला दात दिसला की ब्रश सुरू करा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. झोपताना दुधाची बाटली तोंडात ठेवू नका.

सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेल’ म्हणतात. ती पडत नाही. मुलाला आज आ करायला लावून मागून मोजा : दोन दुधाच्या दाढांच्या पलीकडे आणखी एक दिसली, तर ती आयुष्यभराची. तिच्या खाचा खोल असतील तर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, लावून बंद करता येतात.

आणि खेळताना कायमचा दात मुळासकट पडला, तर घड्याळ सुरू झालं असं समजा. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका, घासू नका. माती असेल तर वाहत्या पाण्याखाली काही सेकंद धरा आणि त्याच खड्ड्यात बसवून रुमाल चावायला द्या. ते जमत नसेल तर दुधात बुडवून न्या, कोरड्या कागदात गुंडाळून नाही. अर्ध्या तासाच्या आत पोचलात तर दात जगण्याची आशा चांगली, तासाभरानंतर ती झपाट्याने कमी होते. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवू नका, खाली वाढणाऱ्या दाताला इजा होते.